ह्यूईची कालवड सापडली

काहलच्या आईच्या वेकला मी चहा नाकारला. एकदा नाही, घरातल्या प्रत्येक बाईला एकेकदा.

वेक म्हणजे काय, ते तेव्हा मला नीट ठाऊक नव्हतं. इथं आयर्लंडात माणूस गेला की त्याला दोन रात्री घरातच ठेवतात आणि सगळं गाव येऊन जातं. समोरच्या खोलीत म्हातारी उघड्या पेटीत निजलेली होती, बोटांत जपमाळ, केस आत्ताच कुणी विंचरल्यासारखे. आणि पलीकडे स्वयंपाकघरात ही गर्दी. सँडविचचे ट्रे डोक्यावरून फिरतायत, एकजण कुठल्याशा ट्रॅक्टरची गोष्ट सांगतोय, बाकीचे हसतायत, पोरं जिन्यावरून बुडावर घसरत खाली येतायत. मी सांगलीकडचा. मयताच्या घरात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, एवढं मला जन्मापासून माहीत. कपबशी समोर आली की मी हात जोडून मागं सरकायचो. मागं सरकता सरकता शेवटी भिंत आली. मग पेटीला नमस्कार केला, कुणाचा निरोप न घेता बाहेर पडलो आणि घरी येऊन भर दुपारी डोक्यावरून आंघोळ केली. आपण फार समंजसपणे वागून आलो, असं टॉवेल गुंडाळताना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात आयना भेटली.

"मॅक," ती म्हणाली, "काहलच्या घरचा चहा तुला चालत नाही का रे?"

मी आमच्या पद्धती सांगितल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भात आणून देतात, भेटायला आलेला माणूस काही न घेता उठतो, उठताना 'येतो' म्हणत नाही. आयनानं सगळं ऐकून घेतलं. तिला ऐकता येतं. तिनं गावाचं पोस्ट सांभाळलं होतं.

"बरंय," ती म्हणाली. "पण इथं तो चहा तहानेसाठी नसतो. कप हातात असला की माणसाला त्या घरात थांबता येतं."

या दिवाळी अंकाच्या संपादकांचं 'आपल्या कामाविषयी लिहा' असं पत्र आलं, तेव्हा सुचेतानं विचारलं, "कुठलं काम?" सुचेता माझी बायको. ती भूलतज्ज्ञ आहे, इथून अर्ध्या तासावरच्या हॉस्पिटलात. तिच्या नोकरीमुळं आम्ही आलो, तिच्या पगारावर घर उभं राहिलं आणि आमची मुलगी शिकून लीड्सला नोकरीला लागली. मी सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं कापायचो. इथं आल्यावर कापायला काही उरलं नाही. तेव्हा आयनानं मला धरलं.

आमचं किलाड्रम उत्तर आयर्लंडात, फर्मॅना परगण्यात. एक रस्ता, एक दुकान, आणि बाकी सगळं दोन-दोन. चर्चं दोन, शाळा दोन, हॉल दोन. प्रॉटेस्टंट लोकांचा तो वरचा हॉल, कॅथलिक लोकांचा तो खालचा. त्यापुढं तळी, गवत, गाई. गावामागच्या टेकडीवर चढलं की खिशातला फोन वाजतो आणि दुसऱ्या देशात आपलं स्वागत करतो. सरहद्द ती एवढीच. ना खांब, ना कुंपण.

परगण्याचं एक साप्ताहिक निघतं. त्याच्या आतल्या पानांवर प्रत्येक गावाला एक रकाना असतो, त्याला नोट्स म्हणतात. किलाड्रमच्या नोट्स आयना पोस्टातून निवृत्त व्हायच्या आधीपासून लिहीत होती. मग तिचे डोळे गेले. पूर्ण नाही, पण ठळक मथळ्यांपुरतेच उरले.

"तू लिही," ती म्हणाली. "तुला स्पेलिंग येतं, आणि तू वरच्या हॉलचाही नाहीस, खालच्याही नाहीस."

माझ्या पत्रकारितेची एवढी नेमकी कदर सांगलीत कधी झाली नव्हती.

काम तसं सोपं. सोमवारी दुपारपर्यंत मजकूर पाठवायचा, बुधवारी पेपर येतो. क्रम ठरलेला. आधी दुखवटे, मग 'लवकर बरे व्हा', मग अभिनंदनं, मग क्लबची लॉटरी, पत्त्यांचे डाव, प्रार्थनेच्या वेळा, आणि सगळ्यात खाली हरवलं-सापडलं. एका आठवड्यात एका चर्चची वेळ आधी, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. हा क्रम मी एकदा चुकलो, तर त्या आठवड्यात दोन्हीकडच्या लोकांनी मला फार प्रेमानं हवामान विचारलं. इथं राग आला की माणसं हवामान विचारतात.

सोपं नाही ते असं, की इथं बातमीला बातमी म्हणून काही किंमत नाही. पेपर यायच्या आत सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. मी पहिले काही महिने उपसंपादकाच्या तोऱ्यात नवीन काहीतरी शोधत फिरत होतो. एकदा ते सापडलं. गावातला एक सद्गृहस्थ हर्नियाच्या ऑपरेशनला गेला होता. दुकानात तिघांनी मला ते आपणहून सांगितलं. मी 'लवकर बरे व्हा'मध्ये त्याचं नाव घातलं. गृहस्थ गावाला सांगून गेला होता की स्पेनला चाललोय.

तो खरा कुठं आहे हे गावात प्रत्येकाला माहीत होतं. त्याची बहीण तर त्याला द्राक्षं देऊन आली होती. तरी परत आल्यावर सगळे त्याला स्पेनमधल्या उन्हाबद्दल विचारणार होते आणि तो सांगणार होता. ते मी मोडलं. वरून, ऑपरेशन झालं ते सुचेताच्या हॉस्पिटलात. बातमी बायकोनं फोडली असं कुणाच्या मनात आलं असतं, तर तिच्यावर चौकशी बसली असती. पेशंटचं नावसुद्धा घरी काढायचं नाही असा तिथला नियम, आणि ती तो इतका पाळते की माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा लेकीला मी स्वतः फोन करून सांगितलं.

आयना त्या गृहस्थाकडे गेली. काय बोलली ते मला कळलं नाही, पण पुढच्या सोमवारी तिनं मला एक ओळ दिली: अमुक अमुक स्पेनहून परत आले असून त्यांची तब्येत उत्तम आहे. मी ती जशीच्या तशी छापायला पाठवली. आजवर मी लिहिलेल्यातलं ते सगळ्यात वाखाणलं गेलेलं वाक्य, आणि ते माझं नाही.

"बातमी म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेलं," आयना म्हणाली, "जे आता मोठ्यानं बोललं तरी चालेल असं झालंय."

त्या दिवसापासून आमच्या घरात एक बातमीदार आणि एक डॉक्टर एका टेबलावर जेवतात आणि ढगांवर बोलतात. मी गावातलं काही सांगायला लागलो की सुचेता उठून भांडी घासायला घेते. माहीत असेल तर तिला बोलता येत नाही, आणि माहीत नसेल तर कळून घ्यायचं नसतं. नोट्स ती वाचत नाही. "मी लोकांना झोपवते ते कामावर," असं म्हणते.

पण मला एक वाचक होता. वाचक म्हणजे श्रोता. माझे वडील, आप्पा. ते मिरजेला माझ्या धाकट्या भावाकडे, नंदूकडे राहायचे. आयुष्यभर एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, ते माइकवरून सांगणारे. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून ते ऐकायला लागले. दर रविवारी माझा फोन गेला की 'कसा आहेस' वगैरे नाही.

"मक्या, वाच."

मी पेपरातला रकाना समोर धरून मराठीत सांगत जायचो. ते मध्येमध्ये अडवायचे. काहल सांभाळतो त्या क्लबची लॉटरी आठवड्यामागून आठवडे कुणालाच लागत नव्हती. आप्पांनी विचारलं, "हा काहल विश्वासाचा आहे ना?" पत्त्यांच्या डावात एकच बाई सारखी जिंकायची. "तिच्या जोडीला कोण बसतं ते बघ," म्हणाले.

आणि ह्यूई. ह्यूई आमचा टेकडीकडचा शेजारी, साठीचा, एकटा, दोन कुत्री आणि काही गाई. त्याच्यावर आप्पांचा फार जीव. "लग्न का नाही केलं त्यानं?" असं त्यांनी विचारलं. मी तसं ह्यूईला सांगितलं. ह्यूईनं यावर दोन दिवस विचार केला आणि कुंपणापाशी येऊन म्हणाला, "वडलांना सांग, चौकशी चालू आहे."

हळूहळू असं झालं की दुकानात लोक मला गाठून सांगायला लागले, हे पेपरात नको, पण वडलांना सांग. मिरज म्हणजे कुठं आणि किती लांब याची कुणाला कल्पना नव्हती. तिथं एक म्हातारा बसलाय आणि तो किलाड्रमची विचारपूस करतो, एवढं त्यांना पुरेसं होतं. आयनाला नव्वदीच्या जवळ गुलाबाच्या झाडाचं बक्षीस मिळालं, तेव्हा ती म्हणाली, "मिस्टर आप्पांना सांगताना दुसरं बक्षीस म्हणू नकोस. नुसतं बक्षीस म्हण."

मागच्या शरदात ह्यूईची कालवड हरवली. काळी, कपाळावर पांढरा ठिपका. मी हरवलं-सापडलंमध्ये घातली. त्याच सुमाराला आप्पांचं हृदय थकायला लागलं. नंदू म्हणाला, घाबरण्यासारखं नाही, पण ये. सुचेताला नाताळात रजा मिळत होती, तेव्हाची दोघांची तिकिटं काढली. आता वाटतं, मी एकट्यानं आधी निघायला हवं होतं. पण तेव्हा आवाज तोच होता, फक्त बारीक झालेला, आणि प्रश्न एकच उरला होता.

"कालवड?"

"नाही अजून, आप्पा."

"बघतायत ना?"

"सगळं गाव बघतंय."

"मक्या, गाडी एका स्टँडवरनं सुटली आणि पुढच्या स्टँडला पोचली नाही, तर कंट्रोलर घरी जात नसतो. कळलं का?"

पुढच्या रविवारी परत तेच. ह्यूईला मी हे सांगितलं. त्या आठवड्यात तो अंधार पडेपर्यंत टेकड्या तुडवताना दिसला. एका गुराच्या किमतीसाठी एवढं कुणी चालत नाही. इथं गुरं हरवतात, काही दिवसांनी माणसं नाद सोडतात. ह्यूईनं सोडला नाही. दर शनिवारी संध्याकाळी कुंपणापाशी येऊन तो टोपी मागं सरकवायचा. "अजून नाही, मॅक. उद्या त्यांना सांग, अजून नाही." माझ्या वडलांना सांगायचा निरोप तो माझ्या तोंडी देत होता, जसं काही ते पलीकडच्या शेतात उभे आहेत.

मंगळवारी सकाळी, मी टोस्टला लोणी लावत असताना नंदूचा फोन आला. जेवून पडले ते उठलेच नाहीत. संध्याकाळीच न्यायचं ठरलं, थांबण्यात अर्थ नव्हता. मी कसाही निघालो असतो तरी पोचलो नसतो. सुचेता ऑपरेशन थिएटरमध्ये होती, तिच्या हाताखाली झोपलेली माणसं होती, त्यांना सोडून तिला निघता येत नव्हतं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "ऑपरेशनची लिस्ट संपली की येते. बसून राहा. काही करू नकोस."

दुपारी नंदूच्या मुलानं व्हिडिओ लावला. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. कृष्णाघाटावरचा उजेड उतरत होता आणि माझ्या खिडकीत भर दुपारीसुद्धा नीट उजाडल्यासारखं दिसत नव्हतं, नोव्हेंबरात इथं दिवस असा येऊन-जाऊन असतो. माणसं ओळखीची होती. डेपोतले म्हातारे ड्रायव्हर आले होते, कुणीकुणी जुन्या खाकी शर्टात. खांदेकरी पुष्कळ होते. फक्त मी नव्हतो.

तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि आपलं आपण उघडलं. इथं दार वाजवतात ते उघडताना. ह्यूई होता. चेहरा फुललेला. त्याचा असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि टेबलावरच्या फोनकडे त्याचं लक्ष गेलं.

"माझे वडील," मी म्हणालो. "आज गेले."

ह्यूई दारातच वाकला, चिखलाचे बूट काढले, टोपी काढली, आणि मोज्यांत चालत येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. खुर्ची घे म्हणालो, घेतली नाही. नंदूनं अग्नी दिला. आमच्या माणसांचा आवाज त्या लहानशा फोनमधून येत होता, फुटत होता, आणि हा टेकडीवरचा माणूस हात समोर बांधून मान खाली घालून उभा होता, पूर्ण वेळ, चित्र थांबेपर्यंत. मला आजही त्या अर्ध्या-पाऊण तासाला काय म्हणावं ते कळत नाही. मी एकटा असणार होतो. मी एकटा नव्हतो, एवढंच.

मग त्यानं माझा हात हातात घेतला आणि इथं अशा वेळी सगळे म्हणतात ते म्हणाला, "सॉरी फॉर युअर ट्रबल, मॅक." बूट हातात घेऊन मागच्या दारानं गेला. कशासाठी आला होता ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

मला वाटलं, झालं. आपला माणूस तिकडे गेला, इथं कुणाला काय त्याचं.

पहिल्यांदा खुर्च्या आल्या. ट्रॅक्टरच्या ट्रेलरमधून, वरच्या हॉलच्या लाकडी घडीच्या खुर्च्या. दोन पोरगेलेसे भाऊ त्या माझ्या परवानगीशिवाय बैठकीत मांडायला लागले. मग काहल आला, खालच्या हॉलचे कप क्रेटमध्ये भरून आणि पाणी उकळायचा तो मोठा बॉयलर काखेत मारून. माझ्या माहितीत त्या दोन हॉलांचं सामान एका छताखाली आलेलं नव्हतं. मागच्या पिढीत इथं या दोन बाजूंत किती रक्त सांडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते नोट्समध्ये येत नाही. काहलनं कप ठेवले त्या खुर्चीकडे एकदा बघितलं, खुर्ची आणलेल्या पोरानं कपांकडे बघितलं, आणि दोघं मिळून सोफा भिंतीला सरकवायला लागले.

"कुठं ठेवायचं त्यांना?" काहलनं विचारलं.

"कुणाला?"

"वडलांना. फोटो आहे ना? लोकांना भेटायला काहीतरी हवं."

आप्पांचा एक फोटो होता, काचेच्या खोलीतला, माइक पुढे ओढून बसलेले. तो आम्ही खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला. आयनानं आपल्या बागेतला शेवटचा गुलाब आणला होता, डिसेंबर तोंडावर आला असताना तिला तो कुठं मिळाला कोण जाणे. तिनं तो फोटोशेजारी ठेवला आणि अगदी जवळ वाकून आप्पांना बघितलं. तिला तेवढ्या अंतरावरूनच दिसतं.

मग माणसं यायला लागली. गल्लीत गाड्या लागल्या, वळणाच्या पलीकडेपर्यंत. दोन्हीकडची माणसं, एका रांगेत. माझा हात हातात घ्यायची, 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हणायची, आणि फोटोपाशी जाऊन थांबायची. मी सांगलीच्या पेपरात अंत्ययात्रांच्या बातम्या पुष्कळ कापल्या आहेत. 'शोकाकुल वातावरणात' हे शब्द मी हजारदा खोडले असतील. पण ज्याला कधी बघितलं नाही, ज्याची भाषा येत नाही, त्याच्यासमोर माणसं थांबतात आणि ओठांत काहीतरी बोलतात, हे मी कधी बघितलं नव्हतं. काहल बोलला ते मी ऐकलं. "लॉटरी अजून कुणाला लागली नाही, सर. पण हिशेब चोख आहे."

हर्नियाचा गृहस्थसुद्धा आला होता. तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण आप्पांना त्याची खरी हकिकत मी सांगितलेली होती, आणि त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं की त्यालाही ते माहीत असावं.

शेवटी ह्यूई. कोट घातलेला, केसांना पाणी लावलेलं. तो फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला. मग वाकला, आप्पांच्या काचेच्या खोलीच्या खिडकीतून आत बोलावं तसा.

"सापडली," म्हणाला. "आज सकाळी. बरी आहे. थोडी वाळलीय." आणि आवाज आणखी खाली आणून त्यानं आप्पांना ती कुठं सापडली ते सांगितलं.

मी हातभर अंतरावर होतो, मला ऐकू आलं. ते मी इथं लिहिणार नाही. हा अंक किलाड्रममध्ये कुणी वाचत नाही हे खरं, पण ह्यूईनं ते एका माणसाला विश्वासानं सांगितलं होतं. एवढं सांगतो, की ती फार लांब गेली नव्हती, आणि तरीही फार लांब गेली होती.

"आता तुम्ही घरी गेलात तरी चालेल," ह्यूई फोटोला म्हणाला.

तेव्हा मी खाली बसलो.

सुचेता आली ती याच वेळेला. गाडी कुठंतरी लांब लावून चालत आलेली, अंगावर हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांवर कोट. दारातच थबकली. मी इतका वेळ जे बघूनही बघितलं नव्हतं, ते तिला पहिल्या नजरेत दिसलं. घर माणसांनी भरलेलं होतं, प्रत्येक खुर्ची भरलेली, आणि कुणाच्याही हातात कप नव्हता. सगळे हात मांडीवर ठेवून बसलेले, चर्चमध्ये बसल्यासारखे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कप रचलेले, शेजारी बॉयलर, थंडगार. झाकलेली भांडी ओळीनं ठेवलेली, बटाट्याचं, कोबीचं, 'नो मीट' अशी चिठ्ठी लावलेली.

"आयना," सुचेतानं विचारलं, "चहा का नाही घेतला कुणी?"

"आज तुमच्या घरात चूल पेटत नाही ना," आयना म्हणाली. "मॅकनंच सांगितलं होतं मला. खायचं आणलंय ते तुम्हां दोघांसाठी. आम्ही काही घेणार नाही. उठताना येतोसुद्धा म्हणणार नाही, मी सांगून ठेवलंय सगळ्यांना."

"मग हे कप?"

काहल जरा खजील झाला. "कपांशिवाय वेकला कसं यायचं ते कळेना."

फर्मॅनात माणसं एकवेळ प्रार्थना चुकवतील. पण कुणाच्या घरी तासभर बसून चहाशिवाय राहणं, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं काय होतं ते मला आत्ता कळत होतं. आम्ही दिसेल त्याला 'सुतक' म्हणजे काय ते सांगत सुटलो नव्हतो. मी एकदा, एका घरात, भिंतीला पाठ लावून अवघडून उभा राहिलो होतो, आणि माझं ते अवघडणं यांनी माझ्या घरचा मान म्हणून जपून ठेवलं होतं.

सुचेतानं माझ्याकडे बघितलं. ती कोट न काढता ओट्याशी गेली आणि बॉयलरचं बटण दाबलं.

"आप्पांनी कधी कुणाला चहाशिवाय सोडलं नाही," ती आयनाला म्हणाली. "त्यांच्या स्टँडवर तर नाहीच."

पाणी उकळायला वेळ लागला. बॉयलर कुरकुरायला लागला तसं खुर्च्यांवरच्या माणसांचे खांदे सैल झाले. आपल्या चहात घालतात तसं आलंही तिनं किसून घातलं. पहिला कप काहलनं भरला आणि तो माझ्यापुढं आणून धरला. कप हातात असला की माणसाला त्या घरात थांबता येतं. ते घर माझंच होतं, तरी मला कप लागला. मी तो घेतला.

मग कुणीतरी ट्रॅक्टरची गोष्ट सांगितली आणि कुणीतरी हसलं.

जाताना आयना म्हणाली, येत्या सोमवारच्या नोट्स मी सांगेन आणि काहल लिहील, तू तुझ्या भावाकडे जा. 'मिरज' कसं लिहायचं तेवढं तिनं विचारून घेतलं. तो रकाना मी नंतर मिरजेला फोनवर बघितला. दुखवट्यांच्या जागी, सगळ्यात वर, असं होतं: 'किलाड्रमचे बातमीदार मॅक यांचे वडील, मिरजेचे मिस्टर आप्पा, यांच्या निधनाबद्दल गावातील सर्व कुटुंबांना दुःख झाले आहे. ते बस कंट्रोलर होते व किलाड्रमच्या बातम्या नियमित ऐकत. ह्यूईची कालवड सापडली.' शेवटचं वाक्य तिथं बसत नाही. त्याची जागा अगदी खाली, हरवलं-सापडलंमध्ये. उपसंपादक म्हणून मी ते हलवलं असतं.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर आम्ही दोघांनी खालच्या हॉलचे कप धुतले. ती धूत होती, मी पुसून क्रेटमध्ये लावत होतो. मग मी म्हणालो, आता रविवारी काय करायचं गं, कुणाला सांगायचं हे सगळं.

सुचेतानं नळ बंद केला.

"मला सांगत जा," ती म्हणाली. "मला आधीच ठाऊक असलं तरी."